रेडिओ स्टेशनचा संगीत फॉरमॅट स्थानिक बाजाराला जुळतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टेशनचे मालक, कार्यक्रम-प्रमुख, जाहिरात विभागातील मंडळी आणि चोखंदळ श्रोते यांच्याकडून या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण त्या प्रश्नांना आखूड उत्तर दिले की ते हमखास चुकीचे ठरते. फॉरमॅट म्हणजे स्टेशनने नेमाने लावायचा ठरवलेला संगीताचा प्रकार आणि तो सादर करण्याची रीत.

एखादा फॉरमॅट बाजाराला जुळतो असे कधी म्हणता येते?

चार गोष्टी एकाच वेळी जमून आल्या तरच. स्टेशन जिथे स्वच्छ ऐकू येते त्या टापूत ते संगीत आवडणारा पुरेसा मोठा वर्ग राहत असला पाहिजे. त्या वर्गाची हौस दुसरे एखादे स्टेशन आधीच नीट भागवत नसले पाहिजे. त्या वर्गाला रेडिओ लावण्याची सवय आणि सवड दोन्ही असली पाहिजेत. आणि त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी पैसे मोजायला कोणीतरी तयार असले पाहिजे. बैठकांमध्ये चर्चा होते ती बहुतेक पहिल्या गोष्टीची, म्हणजे ‘आपल्याकडच्या लोकांना काय आवडते’ याची. स्टेशन बुडते ते मात्र बहुधा उरलेल्या तीन गोष्टींपायी. त्यातही आमचे स्पष्ट मत असे की, फॉरमॅटवर ज्या अपयशाचे खापर फुटते त्यातील बरेचसे अपयश प्रक्षेपणाचे, सकाळच्या कार्यक्रमाचे किंवा जाहिरातींच्या गर्दीचे असते. म्हणून फॉरमॅटचा निकाल सर्वांत शेवटी लावावा.

‘स्थानिक बाजार’ कुठून कुठपर्यंत धरायचा?

श्रोते मोजणाऱ्या सर्वेक्षण संस्थेने नकाशावर आखलेली हद्द आणि स्टेशनचा आवाज प्रत्यक्ष पोहोचतो ती हद्द या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. एफएम लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. वाटेत डोंगर किंवा उंच इमारतींची रांग आली की पलीकडे सावली पडते. मोटारीत खणखणीत ऐकू येणारे स्टेशन काँक्रीटच्या इमारतीत, खिडकीपासून दूर ठेवलेल्या लहान संचावर खरखरू लागते. मध्यम लहरींची अडचण वेगळी आहे. रात्री त्या आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परावर्तित होऊन दूरदूरच्या स्टेशनांत मिसळतात, आणि म्हणूनच कित्येक स्टेशनांना सूर्यास्तानंतर शक्ती कमी करावी लागते.

याचा हिशेब साधा आहे. सर्वेक्षणाच्या हद्दीतील निम्म्याच लोकांपर्यंत आवाज पोहोचत असेल आणि त्या निम्म्यांत स्टेशनला १० टक्के हिस्सा असेल, म्हणजे रेडिओ ऐकण्याच्या एकूण वेळातला दहावा भाग त्याच्या वाट्याला येत असेल, तर अहवालात ५ टक्केच दिसतील. तो आकडा वाचून ‘हे संगीत इथे चालत नाही’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे अँटेनाचा दोष गाण्यांच्या माथी मारणे आहे. आधी गाडीत बसून, मग घराघरांत आणि कार्यालयांत जाऊन आपले स्टेशन कसे ऐकू येते ते पाहावे. अहवाल नंतर उघडावा.

लोकसंख्येची आकडेवारी पाहून फॉरमॅट ठरवता येतो का?

सुरुवात करता येते, निर्णय घेता येत नाही. वय हा त्यातला सर्वांत उपयोगी धागा आहे, कारण किशोरवयात आणि विशीच्या सुरुवातीला ऐकलेल्या गाण्यांवर माणसाचा जीव पुढेही राहतो, आणि जुन्या लोकप्रिय गीतांचे सगळे फॉरमॅट याच गोष्टीवर उभे आहेत. मात्र असा फॉरमॅट एका जागी थांबू शकत नाही. पंचेचाळीस वर्षांच्या श्रोत्याचे तारुण्य दर दहा वर्षांनी दहा वर्षे पुढे सरकते आणि त्याबरोबर प्लेलिस्टचे दशकही सरकावे लागते. जे स्टेशन ते सरकवत नाही, त्याचे श्रोते निष्ठावान राहतात, पण दरवर्षी म्हातारे होत जातात.

आकडेवारीत भाषा, शिक्षण, उत्पन्न हे सगळे मिळते. पण एकाच वयाची आणि एकाच उत्पन्नाची दोन माणसे कोणते संगीत ऐकतील हे तिच्यात नसते. ते त्यांनाच विचारावे लागते.

आमच्या बाजारात लोकप्रिय गीतांची तीन स्टेशने आधीच आहेत. चौथे काढणे शहाणपणाचे आहे का?

या प्रश्नावर अर्थशास्त्रज्ञ पीटर स्टाइनर यांनी १९५२ मध्ये एक निबंध लिहिला, आणि त्यातला युक्तिवाद अजूनही पहिल्यांदा तोच मांडावा इतका चोख आहे. समजा, बाजारातील ७० टक्के श्रोत्यांना ‘अ’ प्रकारचे संगीत हवे आहे, २० टक्क्यांना ‘ब’ आणि १० टक्क्यांना ‘क’. पहिले स्टेशन अर्थातच ‘अ’ लावेल. दुसरेही ‘अ’च लावेल, कारण ७० ची निम्मी वाटणी, म्हणजे ३५, ही ‘ब’च्या २० पेक्षा मोठी आहे. तिसऱ्यालाही ‘अ’मध्ये २३ टक्क्यांहून किंचित अधिक वाटा मिळतो, म्हणून तेही तिथेच जाईल. चौथ्याच्या वाट्याला मात्र ‘अ’मध्ये साडेसतराच येतात, ‘ब’कडे वळणे फायद्याचे ठरते ते प्रथमच इथे. ‘क’वाल्यांना बरीच वाट पाहावी लागते. तीन स्टेशने एकाच प्रकारची गाणी वाजवत असताना ३० टक्के लोक उपाशी का राहतात, याचे कारण मालकांच्या अरसिकतेत शोधण्याची गरज नाही. ते या भागाकारात आहे.

स्टाइनर यांचा पुढचा निष्कर्ष अनेकांना पचत नाही. सगळी स्टेशने एकाच मालकाची असतील तर तो स्वतःशीच स्पर्धा करणार नाही आणि ‘ब’ व ‘क’ यांचीही सोय लावील, असे हे गणित सांगते. अमेरिकेत १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका मालकाकडे देशभरात किती स्टेशने असावीत यावरची मर्यादा उठवली आणि सर्वांत मोठ्या बाजारांत एकाच मालकाला आठपर्यंत स्टेशने ठेवण्याची मुभा दिली, तेव्हा त्या बदलाच्या बाजूने हाच युक्तिवाद पुढे आला. टीकाकारांचे म्हणणे असे की फॉरमॅटची नावे वाढली तरी प्लेलिस्टमधील गाणी पुष्कळदा तीच राहतात. म्हणून बाजारातील पोकळी शोधताना स्टेशनांच्या पाट्या मोजू नयेत. प्रतिस्पर्ध्याची दिवसभरातील गाणी उतरवून घ्यावीत आणि आपल्या यादीशी ताडून पाहावीत. अर्धी गाणी सारखी निघाली तर तुम्ही वेगळ्या नावाने त्याचेच स्टेशन चालवणार आहात.

पोकळीबाबत एक सावधगिरी बाळगावी. एखादा फॉरमॅट बाजारात नाही, याचा अर्थ त्याची गरज आहे असा होत नाही. ती जागा कोणीतरी आधी करून पाहिली आणि सोडून दिली असण्याचीही शक्यता असते. जुन्या लोकांना विचारले की हे दोन मिनिटांत कळते.

स्टेशनचा हिस्सा घसरला. फॉरमॅट चुकला असे समजावे का?

हिस्सा हा एकच आकडा दिसतो, पण त्यामागे दोन आकड्यांचा गुणाकार असतो: आठवड्यातून एकदा तरी स्टेशन लावणारे लोक किती, आणि त्यांतला प्रत्येक जण किती वेळ थांबतो. दोन्ही वेगळे केल्याशिवाय काहीच कळत नाही.

एक उदाहरण घेऊ. आठवड्याचे सातही दिवस सकाळी सहा ते मध्यरात्रीपर्यंतचा काळ धरला तर १२६ तास, म्हणजे ५०४ पाव तास होतात. स्टेशनचे साप्ताहिक श्रोते ६०,००० आहेत आणि कोणत्याही पाव तासात सरासरी २,००० जण ऐकत आहेत. २,००० ला ५०४ ने गुणून ६०,००० ने भागले की १६.८ पाव तास येतात, म्हणजे प्रत्येक श्रोता आठवड्याला सुमारे सव्वाचार तास देतो.

आता घसरण पाहा. साप्ताहिक श्रोते कायम असून ऐकण्याचा वेळ सव्वाचारवरून तीन तासांवर आला असेल, तर लोक अजून येत आहेत, पण टिकत नाहीत. अशा वेळी जाहिरातींचे सलग लांबलेले टप्पे, लागोपाठ दोन-तीन अनोळखी गाणी किंवा दुपारच्या निवेदकाची निरर्थक बडबड तपासावी. उलट, वेळ तेवढाच राहून साप्ताहिक श्रोतेच कमी झाले असतील, तर लोक दारापर्यंतच येत नाहीत. प्रसिद्धी कमी पडली असेल, नवा प्रतिस्पर्धी आला असेल, किंवा खरोखरच त्या संगीताचा चाहता वर्ग आटला असेल. फॉरमॅटवर संशय घ्यायचा तो या शेवटच्या शक्यतेपुरता, आणि तोही दिवसाचे सगळे टप्पे सारखेच घसरले असतील तेव्हा. फक्त सकाळचे सहा ते दहा कोसळले असतील आणि बाकीचा दिवस जसाच्या तसा असेल, तर गाण्यांकडे बोट दाखवू नये. तीच गाणी दुपारीही वाजत आहेत.

सर्वेक्षणाच्या आकड्यांवर कितपत विसंबावे?

कल वाचण्यापुरते. ५०० माणसांच्या साध्या यादृच्छिक नमुन्यात एखाद्या स्टेशनचा हिस्सा ५ टक्के आला, तर खरा हिस्सा तीन ते सात टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. म्हणजे ५ वरून ४.४ वर आलेल्या आकड्यावर तातडीची बैठक बोलावणे हे निव्वळ योगायोगावर खल करण्यासारखे आहे. वयोगट आणि वेळेचे तुकडे पाडत गेले की प्रत्येक तुकड्यातील माणसे आणखी कमी होतात आणि ही अनिश्चितता आणखी फुगते. एकाच अहवालावर निर्णय न घेता सलग तीन-चार अहवालांची सरासरी पाहावी.

मोजण्याची पद्धत बदलली की निकालही बदलतो, हे अधिक महत्त्वाचे आहे. पूर्वी श्रोते आपण काय ऐकले ते डायरीत लिहून देत. अमेरिकेतील मोठ्या बाजारांत २००७ पासून त्याऐवजी अंगावर बाळगायचे मीटर आले, जे प्रसारणात मिसळलेला न ऐकू येणारा संकेत आपोआप नोंदवते. डायरीत माणूस आठवणीतले, म्हणजे बहुधा आवडते स्टेशन लिहितो. मीटर मात्र दुकानात किंवा दुसऱ्याच्या मोटारीत कानावर पडलेलेही मोजते. परिणामी खूप लोकांच्या कानी थोडा थोडा वेळ पडणाऱ्या स्टेशनांचे आकडे सुधारले, आणि थोड्या पण निष्ठावान श्रोत्यांवर जगणाऱ्या फॉरमॅटांना फटका बसला. स्मूद जॅझ, म्हणजे जॅझचा संथ, मुलायम प्रकार, हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. श्रोत्यांची आवड एका रात्रीत पालटली नव्हती; पट्टी पालटली होती.

‘तीच तीच गाणी लावता’ अशी तक्रार रोज येते. यादी वाढवावी का?

तक्रार खरी असते, पण तिचा उपाय बहुतेक वेळा यादी वाढवणे हा नसतो. १९४९ मध्ये अमेरिकेतील ओमाहा येथील केओडब्ल्यूएच हे फक्त दिवसा चालणारे छोटे स्टेशन टॉड स्टॉर्झ आणि त्यांच्या वडिलांनी विकत घेतले, आणि पुढच्या काही वर्षांत मोजकीच लोकप्रिय गाणी वारंवार वाजवून ते त्या शहरात आघाडीवर नेले. ज्यूकबॉक्समध्ये, म्हणजे उपाहारगृहांतल्या गाणी वाजवणाऱ्या यंत्रात, भरपूर गाणी असूनही गिऱ्हाइके नाणे टाकून तीच चार गाणी पुन्हा पुन्हा लावतात हे स्टॉर्झ यांनी पाहिले, ही कथा निरनिराळ्या तपशिलांसह सांगितली जाते. तपशील काहीही असो, त्यामागचे निरीक्षण टिकून आहे: माणूस नावीन्य मागतो आणि ओळखीच्या गाण्यापाशी थांबतो.

तक्रारीचे मूळ बरेचदा वेळापत्रकात सापडते. समजा, सर्वाधिक वाजणाऱ्या गटात ६ गाणी आहेत आणि दर तासाला त्यांतली २ लागतात. गाणे तीन तासांनी परत येते, हे तर दिसतेच. पण चोवीस तासांत अशा ४८ जागा होतात आणि ४८ ला ६ ने पूर्ण भाग जातो, म्हणून क्रम न मोडता फिरवल्यास तेच गाणे रोज त्याच वेळी लागते. सकाळी आठ दहाला गाडी सुरू करणारा श्रोता रोज एकच गाणे ऐकतो आणि स्टेशनकडे सहाच गाणी असल्याची त्याची खात्री पटते. त्या गटात ७ गाणी केली की भाग जात नाही आणि प्रत्येक गाणे रोज वेगळ्या वेळेवर सरकते. वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे टाळण्याचे नियम असतात. ते कोणीतरी नीट भरलेले असावे लागतात, इतकेच. यादी ३०० वरून ९०० वर नेण्याआधी हे एक गाणे वाढवून पाहावे.

गाणी लोकांना आवडतात की नाही, हे कसे तपासतात?

नव्या गाण्यांसाठी श्रोत्यांना फोनवर किंवा ऑनलाइन सहा-दहा सेकंदांचा ओळखीचा तुकडा ऐकवून विचारतात: गाणे ओळखता का, आवडते का, आणि त्याचा कंटाळा आला आहे का. तिन्ही उत्तरे वेगवेगळी वाचायची असतात. ‘आवडत नाही’ आणि ‘ओळखत नाही’ यांची गल्लत केली तर चांगले गाणे रुजण्याआधीच बाद होते. ‘आवडते पण कंटाळलो’ याचा अर्थ गाणे काढू नका, त्याला विश्रांती द्या. जुन्या गाण्यांसाठी शंभरेक श्रोत्यांना सभागृहात बसवून एका बैठकीत शेकडो तुकड्यांना गुण द्यायला लावतात. नमुन्यात कोणाला बोलावले यावर सगळे अवलंबून असते. फक्त आपल्याच चाहत्यांना विचारले, तर आपला फॉरमॅट उत्तम असल्याचेच उत्तर येणार.

दुसऱ्या शहरात गाजलेला फॉरमॅट जसाच्या तसा आणला तर?

याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘जॅक एफएम’चे आहे. निवेदक जवळजवळ नाहीत, अनेक दशकांची गाणी मिसळलेली, आणि मध्येमध्ये आगाऊ सुरातले ध्वनिमुद्रित शेरे असा हा फॉरमॅट कॅनडात व्हँकूव्हर येथे २००२ च्या अखेरीस यशस्वी ठरला आणि वेगाने पसरला. २००५ मध्ये एकाच कंपनीने तो लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क या दोन्ही ठिकाणी आणला. लॉस एंजेलिसमध्ये तो वर्षानुवर्षे टिकला. न्यूयॉर्कमध्ये ३ जून २००५ रोजी डब्ल्यूसीबीएस-एफएमवर तो सुरू झाला, आणि १२ जुलै २००७ रोजी तेथे जुन्या गाण्यांचा फॉरमॅट परत आणावा लागला.

संगीत साधारण तेच, मालक तोच, वर्षही तेच. फरक होता तो आधी तिथे काय होते यात. डब्ल्यूसीबीएस-एफएम १९७२ पासून जुनी गाणी लावत होते आणि त्याचे निवेदक त्या शहराच्या ओळखीचे आवाज झाले होते. नव्या फॉरमॅटने गाणी बदललीच, शिवाय माणसेही काढून टाकली. बाजारात फक्त आवडीनिवडी नसतात, सवयी आणि नातीही असतात. दुसऱ्या शहराचा अहवाल वाचताना ती दिसत नाहीत. परत आलेला फॉरमॅटही हुबेहूब जुना नव्हता, हेही लक्षात घ्यावे. त्यात पुढच्या दशकांतील गाण्यांवर अधिक भर होता, म्हणजे मूळ स्टेशनलाही बदलाची गरज होतीच.

श्रोते भरपूर आहेत, तरी जाहिराती मिळत नाहीत. असे का?

जाहिरातदार श्रोत्यांची एकूण संख्या विकत घेत नाही, विशिष्ट वयाचे आणि खरेदीचा निर्णय घेणारे श्रोते घेतो. बऱ्याच ठिकाणी हा पट्टा २५ ते ५४ वर्षांचा धरतात. किशोरांत किंवा साठीपुढील लोकांत पहिल्या क्रमांकावर असणारे स्टेशन त्यामुळे तोट्यात असू शकते. हा नियम थोडा आंधळा आहे असे आमचे मत आहे, कारण साठीपुढील माणसाकडे खर्चायला पैसा आणि ऐकायला वेळ दोन्ही असतात; पण दर ठरवणारे लोक तो पाळतात तोवर हिशेबात धरावाच लागतो.

लहान बाजारात काय वेगळे असते?

स्टेशने मोजकी असल्याने फॉरमॅट रुंद ठेवता येतो आणि ठेवावाही लागतो. महानगरात चार टक्के लोकांवर स्टेशन जगते. लहान गावातल्या चार टक्क्यांतून वीजबिलही निघत नाही. सकाळी एक प्रकार, दुपारी दुसरा, रात्री तिसरा अशी वाटणी तिथे चालते. स्थानिक बातम्या, हवामान, निधनवार्ता आणि शाळांचे सामने यांचे वजन तिथे अनेकदा गाण्यांपेक्षा जास्त असते.

कोणता फॉरमॅट असावा, यात सरकारला किंवा न्यायालयाला काही म्हणता येते का?

ते देशोदेशी वेगळे आहे. अमेरिकेत शास्त्रीय संगीताचे एखादे स्टेशन बंद पडले की श्रोते नियामकाकडे दाद मागत. १९८१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने डब्ल्यूएनसीएन या शास्त्रीय संगीताच्या स्टेशनच्या श्रोता संघाच्या प्रकरणात असा निर्णय दिला की, फॉरमॅटची विविधता बाजारातील स्पर्धेवर सोडण्याचे नियामकाचे धोरण कायद्याला धरून आहे. इतरत्र फॉरमॅट स्टेशनवर सोडला तरी गाण्यांच्या प्रमाणावर बंधन असते: कॅनडात लोकप्रिय संगीतासाठी १९७१ मध्ये ३० टक्के देशी गाण्यांची अट आली, ती पुढे ३५ वर गेली, फ्रान्समध्ये १९९६ पासून फ्रेंच गाण्यांसाठी ४० टक्क्यांची अट लागू झाली.

फॉरमॅट बदलायचाच ठरला, तर नव्याला किती अवधी द्यावा?

किमान एक वर्ष, आणि जुन्या स्टेशनची मुळे खोल असतील तर त्याहून अधिक. पहिल्या काही महिन्यांत जुने श्रोते जातात आणि नव्यांना अजून पत्ता लागलेला नसतो, त्यामुळे आकडे खाली जाणारच. ही घसरण अंदाजपत्रकात आधीच लिहून ठेवावी, नाहीतर मालक सहाव्या महिन्यात घाबरतो आणि तिसरा फॉरमॅट शोधू लागतो. या काळात हिस्सा पाहण्यापेक्षा साप्ताहिक श्रोते दर अहवालात वाढत आहेत का ते पाहावे. ते वाढत असून ऐकण्याचा वेळ कमी असेल, तर फॉरमॅट योग्य आहे आणि काम प्लेलिस्टवर करायचे आहे. वर्षभराची प्रसिद्धी, स्वच्छ प्रक्षेपण आणि बऱ्यापैकी सकाळचा कार्यक्रम एवढे सगळे देऊनही साप्ताहिक श्रोते जागचे हलले नाहीत, तर मात्र तो बाजार त्या संगीतासाठी नाही हे मान्य करून निघावे.